धिंगरीच्या खोलीतली ओल

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी उसाचा रस तपासतो. पुरुषोत्तमनगरला नोकरी, घर ब्राह्मणपुरीत. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथलीच. म्हणून माझ्या बायकोनं, रूपानं, घरी धिंगरी अळिंबी लावायचं ठरवलं तेव्हा मी आधी भिंतीवर मीटर टांगला. एका काट्यावर तापमान, दुसऱ्यावर हवेतली ओल.

खोली परसातली, ठिबकच्या नळ्या ठेवायला बांधलेली. सिमेंटच्या भिंती, वर पत्रे. पत्र्यांवर उसाच्या पाचटाचा थर दिला, खिडक्यांना गोणपाट लावलं, खाली वाळू अंथरली. गव्हाचा भुसा गरम पाण्यातून काढून, बी पेरून पिशव्या टांगल्या. धिंगरीला पंचविशीच्या आसपासचा गारवा लागतो आणि ओल ऐंशीच्या वर. कमी पडली तर कोंब पिवळे होऊन वाळतात. नुसती कोंडून ठेवली तरी बिघडतं, हवा खेळती लागते. थंडीत हे सोपं गेलं. रूपा सकाळ-संध्याकाळ फवारा मारायची आणि पिशव्यांच्या भोकांतून करडे झुपके शिंपल्यांसारखे उघडायचे.

मार्चमध्ये ऊन तापलं. भिजवलेलं गोणपाट बघता बघता कोरडं व्हायचं. रूपा दिवसभर पंप पाठीवर घेऊन आत-बाहेर करायची. तिच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडली होती.

त्यातच सारंगखेड्याला लग्न निघालं. आम्ही दोघं गेलो, माझी माय घरीच थांबली. तिला दम्याचा जुना त्रास. बादली भरली तरी धाप लागायची. त्या दिवशी लाइट गेली ती आलीच नाही. पीक गेलं असं धरूनच आम्ही उन्हं कलताना परतलो.

खोली गार होती. गोणपाटातून थेंब गळत होते. मीटरवर चोवीस आणि अठ्ठ्याऐंशी.

पाणी कोणी मारलं, असं मायला विचारलं. तिनं काही मारलं नव्हतं. घरातला पंखा बंद पडला म्हणून ती नुसती धिंगरीच्या खोलीत जाऊन बसली होती. बोलताना तिला धाप लागत नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा आम्ही फक्त खूश झालो.

त्यानंतर फवाऱ्याची गरजच उरली नाही. पण पीक विचित्र येऊ लागलं. देठ बोटांएवढे लांब आणि टोकाला शर्टाच्या गुंडीएवढी टोपी. कारण मला ठाऊक होतं. उच्छ्वासाची हवा साचली की धिंगरीचे देठ असे लांबतात. माणसं दाटीनं बसलेल्या बंद खोलीत जशी हवा होते, तशी. मी झरोके मोठे केले, दिवसभर दार उघडं ठेवलं. देठ आणखी लांबले.

रूपाला ते बघवेना. आम्ही पिशव्या काढून उकिरड्यात पुरल्या, वाळू उपसली, भिंतींना चुना लावला. खोली रिकामी. बाहेर तापलेली लू वाहत होती. आत मीटर चोवीस आणि अठ्ठ्याऐंशीच. मीटर बिघडला असेल म्हणून मी प्रयोगशाळेतले थर्मामीटर आणले, एकाला ओलं फडकं गुंडाळून ताडून पाहिलं. मीटर बरोबर होता.

माय मात्र जेवण झालं की रोज तिथं जाऊन बसायची. खोकला थांबला होता. मी शहाद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, जागा बदलली, नळी झटकली, पुन्हा लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले की छातीत घरघर अजिबात नाही. गोळ्या कमी केल्या.

"सुनसान खोलीमा काय करी ऱ्हायनी माय?" मी एकदा दारातून विचारलं.

"बठेल शे," ती हळू आवाजात म्हणाली. "आठे माले दम लेवानं कामच पडत नही."

तिथं दम घ्यावा लागत नाही म्हणजे धाप लागत नाही, असाच अर्थ मी घेतला.

तिचं बोलणं कमी होत गेलं. आधी शेजारच्या कमलीबाईशी गप्पा थांबल्या, मग आमच्याशी. आवाज इतका बारीक झाला की रूपाला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. मग ती खुणा करू लागली. पण चेहरा टवटवीत. तक्रार कशाची करावी, तेच कळेना.

एका दुपारी तिला चहाला बोलवायला गेलो. दाराशीच पाय थांबले. आतून श्वासांचा आवाज येत होता. शांत, गाढ झोपेतल्यासारखा. एकाचा नव्हे, अनेकांचा, पण एकाच लयीत.

आत माय एकटीच भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे. तिची छाती हलत नव्हती.

आवाज भिंतींतून येत होता.

माझाही श्वास त्या लयीत पडू लागला. मी मोजून तो मोडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मायचा हात धरून तिला बाहेर ओढलं. हात ओल्या गोणपाटासारखा गार होता.

रूपाला सांगितलं. ती पदरानं मायचे हात पुसत राहिली.

सकाळी पत्र्याची कामं करणाऱ्या उदेसिंगला बोलावलं. छत उतरवायचं, खोली उन्हात उघडी टाकायची. तो वर चढला तसं मायनं माझी बाही पकडली. तिचे ओठ हलले. 'राहू दे' म्हणाली असावी. आवाज आला नाही. मी बाही सोडवून घेतली.

शेवटचा पत्रा निघाला तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं. तरी भिंतीच्या कडेवर उरलेलं पाचट एकदम वर उडालं, कोणीतरी खालून लांब सुस्कारा सोडावा तसं. उदेसिंग शिडी घट्ट धरून राहिला. मग ऊन आत पडलं. भिंतींवरचे थेंब माझ्या डोळ्यांदेखत सुकले. चुना पांढरा झाला. ओलीचा काटा खाली खाली येत पंधरावर थांबला.

कित्येक दिवसांनी मला मोकळं वाटलं. रूपाला हाक मारून सांगितलं. तिनं सगळ्यांसाठी चहा ठेवला.

माय अंगणात बाजेवर बसली होती. मी तिच्याजवळ टेकलो. खोली सुकली, आता भ्यायचं काही कारण नाही, असं तिला सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली. कपातला चहा बशीत ओतला, बशी तोंडाजवळ नेली आणि फुंकर घालायला ओठ पुढे केले.

चहावर तरंग उठला नाही. वाफ सरळ वर जात राहिली.

तिनं पुन्हा ओठ पुढे केले. मग बशी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत चहा आपोआप निवायची वाट पाहत बसली.