दारामागचा तात्पुरता आवाज

सकाळी साडेअकरा वाजता सरावाच्या खोलीत एका जवानाने डोळ्यांवरचा पडद्याचा चष्मा काढला, खोटी बंदूक जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "सर, त्या आजींवर मी गोळी झाडणार नाही."

"का रे? सख्ख्या आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं. मागे दोघंतिघं फिसकन हसले.

"त्यांनी मला विचारलं, जेवलास का."

काचेपलीकडे बसलेल्या आवाजवाल्याचा हात बटणावरच राहिला. चष्म्यात दिसणाऱ्या या खेळातले सगळे आवाज त्याने भरले होते: बुटांचे, कडीचे, काडतुसं पडल्याचे. खेळ सोपा होता. दार ठोठावून "आपलेच आहोत" म्हणायचं. आतून "कोण आहे?" येतं, दार उघडतं, हात वर केलेली म्हातारी दिसते. तिच्यावर न थबकता गोळी झाडायची. थबकण्याची सवय मोडणं, एवढाच या सरावाचा हेतू. म्हातारीचा आवाज वेळेत मिळेना, म्हणून त्याने घरी आईलाच ओट्याशी गाठून तिचा आवाज फोनमध्ये भरून घेतला होता. तात्पुरतं. नंतर बदलायचं राहून गेलं.

पण आई फक्त "कोण आहे?" एवढंच म्हणाली होती. त्याने पुन्हा ऐकून पाहिलं. तेवढेच दोन शब्द, आणि मागे वाहता नळ.

"सर, तो माझ्या आईचा आवाज आहे. बदलून टाकतो."

"मग तर उत्तमच, आवाजवाले! पोरं एवढ्या एकाच दाराशी अडतात. आता रोज हेच दार."

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. "अरे, दिवसभर ही कोण पोरं येतात? आपलेच आहोत म्हणतात. दार उघडावं तर कुणी नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "आवाजावरून उपाशी वाटतात रे."

त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कामावरचं त्याने घरी चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता त्याने तो आवाज पुसला. त्या जागी काहीच ठेवलं नाही.

सराव सुरू झाला. दार ठोठावलं गेलं.

"कोण आहे?" मागे नळ वाहत होता.

हळूहळू जवान थबकेनासे झाले. शेवटी चष्मा काढणारा तो पहिला जवानही थबकला नाही. अधिकाऱ्याने आवाजवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "आईंना सांगा, काम फत्ते."

त्याने घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. तो तसाच निघाला.

किल्ली हातात होती, तरी त्याने बेल दाबली. आईचा आवाज ऐकायचा होता. "कोण आहे?" आलं नाही.

दार उघडलं.

आई उभी होती. दोन्ही हात वर.

"आई, हात खाली घे. मी आहे. आपलाच."

"हो," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात."

आत नळ वाहत होता. तिची नजर त्याच्या मुठीतल्या किल्लीवर होती. हात वरच होते.