डब्यातली शेवटची फिल्म

पहिल्याच दिवशी संघमित्रानं त्याला टोकलं होतं. जळगावहून एक्स-रे फिल्मचे खोके घेऊन प्रशील ती जिथं एक्स-रे काढायची, भुसावळच्या त्या छोट्या सेंटरात आला आणि एकावर एक रचू लागला.

"आडवे नका ठेवू. पुस्तकांसारखे उभे," ती म्हणाली. "दाबानंही डाग पडतो."

"एवढी नाजूक?"

"दोन्ही अंगांना जिलेटिनचा लेप, त्यात चांदीच्या क्षाराचे कण... ऊन, दाब, ओला हात — सगळं लागतं तिला."

"आणि बोलणं?"

तिनं ओठांत हसू दाबलं. मग फिल्म संपायच्या आधीच तो येऊ लागला.

आज मात्र तो रिकाम्या हातांनी आला. उद्यापासून संगणकाचं मशीन. फिल्म बंद, तशी त्याची फेरीही बंद. डब्यात एकच फिल्म उरली होती.

"आठवण म्हणून आपल्या हातांचा एक्स-रे काढा ना, मॅडम."

"हौसेखातर किरण घ्यायचे नसतात." तिनं डब्यातल्या फिल्मकडे पाहिलं. "पण... फिल्मला साधा उजेडही पुरतो. हात पुसून घ्या."

डार्करूममध्ये लाल दिवा मंद तेवत होता — काजवा ओंजळीत धरावा तसा. तिनं फिल्मवर हात टेकवला. त्यानं शेजारी आपला ठेवला, मध्ये बोटभर जागा सोडून.

"हलायचं नाही हं."

दुसऱ्या हातातल्या मोबाइलचा दिवा तिनं लुककन लावला, विझवला. तेवढ्यात तिचे डोळे मिटले होते.

प्रशील वाकून बघू लागला. "काहीच नाही उमटलं."

"उमटलंय. दिसत नाही एवढंच... औषधात उतरलं की दिसतं."

"असं असतं होय?"

"असतं," ती म्हणाली. आईची जात्यावरची ओळ मनात फिरत राहिली — अंधारात पेरलं बाई, उजेडात उगवलं...

औषधात फिल्म हळूहळू काळवंडली. हात तेवढे फिके राहिले. दुसऱ्या टाकीत बुडवून, धुऊन तिनं ती खिडकीशी धरली. रात्रीसारख्या काळ्याभोर फिल्मवर दोन निळसर, नितळ हात. त्याचा सरळ, ठेवला तसा. आणि तिची करंगळी — वेलीच्या तणाव्यासारखी वळून त्याच्या करंगळीला टेकलेली.

पाणी ठिबकत राहिलं. प्रशील कितीतरी वेळ बघत होता. मग हळूच, घरच्या बोलीत म्हणाला,

"मन्हा हात नही हालना, संघमित्रा."

सेंटरात कधीच अहिराणी न बोललेली ती, फिल्मवरची नजर न काढता म्हणाली,

"माले माहीत शे."