मिठातली बोटं

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय काही मान्य करायची मला सवय नाही. तरीही हे माझ्याच घरात घडलं.

१ नोव्हेंबर २००६. बुधवार. बदलापूर, बेलवली, तिसरा मजला. रात्र नव्हती. दुपारचे बारा वाजले होते.

त्याआधी दोन वर्षं मी मेक्सिकोत, पुएब्ला शहरात संशोधनाला होते. तिथे असतानाच आई गेली. मला येता आलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेलेली माणसं घरी येतात, असं तिथे मानतात. माझी घरमालकीण एलोदिया मला स्मशानात घेऊन गेली होती. लोक थडग्यांशेजारी बसून जेवत होते, हसत होते. बँड वाजत होता. एक म्हातारी नवऱ्याच्या थडग्याला सुनेच्या कागाळ्या सांगत होती.

घरी टेबलावर फोटो, पाणी, मीठ. दारापासून तिथपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट.

"ते परत जाईपर्यंत वाट उचलायची नाही," एलोदिया म्हणाली होती.

मला त्या लोकांचा हेवा वाटला. आम्ही बौद्ध. श्राद्ध आमच्यात नाही, आणि ते मला पटतं. पण आई गेल्यावर घरात तिचं नावच निघेना. पप्पा अंबरनाथला एकटे, गप्प. मी इथे.

त्या बुधवारी मी रजा टाकली. टेबलावर आईचा फोटो मांडला. ग्लासवर मार्करने पाण्याची खूण केली. बशीत मीठ पसरलं, पाकळ्या टाकल्या, दार किलकिलं ठेवलं.

"आई, ये," एवढंच म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

खाली पाण्याची मोटार चालू होती... ती थांबली.

मग पावलं.

हलकी... भराभर.

आई गुडघ्यांमुळे पाय ओढत चालायची.

पावलं टेबलाशी थांबली. बशी किंचित सरकली...

मी बाहेर आले. कुणी नव्हतं.

पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं. बाष्पीभवनाने पंधरा मिनिटांत एवढं होत नाही. मिठात चार खळगे होते. खालून हात वर करून, न दिसता चाचपडल्यासारखे.

माझ्या करंगळीपेक्षा लहान.

तेवढ्यात जिन्यात पप्पांचा खोकला ऐकू आला. न सांगता डबा घेऊन आले होते. ते रागावतील म्हणून मी घाईघाईने सगळ्या पाकळ्या झाडून कचऱ्यात टाकल्या.

ते रागावले नाहीत. फोटो पाहिला. मग बराच वेळ ती बशी.

"आईने सांगितलं होतं तुला?"

"काय, पप्पा?"

"तुझ्या आधी एक होता. राजरत्न. तीन वर्षांचा गेला. सारखा मीठ चाटायचा. मार खायचा, तरी चाटायचा."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पुएब्लाची वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : पहिल्या दिवशी दुपारी मुलं येतात. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी.

मी हे विसरले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं मांडलं. अंधार पडेपर्यंत बसले. पाणी खुणेवरच राहिलं. आई आली नाही.

आणि तो... त्याची वाट मी झाडून टाकली होती.

आता तीन वर्षं झाली. दर एक नोव्हेंबरला मी टेबलापासून दारापर्यंत पाकळ्या टाकते आणि दोन दिवस उचलत नाही. तरी अधूनमधून, कुठल्याही साध्या दुपारी, कॉलेजातून आले की बारा महिने मांडून ठेवलेल्या मिठात चार खळगे असतात.

पप्पा हल्ली दर रविवारी येतात. चपला काढायच्या आधी बशीकडे बघतात. मग माझ्याकडे.

मी पट्टीने मोजते. बोटं वाढलेली नाहीत.

बशी आता खाली, स्टुलावर ठेवते. हात पोचावा म्हणून.