ऊन पाण्याचं गाव

“अम्मा, मी नाहीं येत आंत. तूंच जा. मज भय वाटतें.”

सुष्मिता अगदी हळू बोलली होती. तरी समोरच्या बाकावर बुटाच्या नाड्या सोडत बसलेल्या तरुणाने चमकून मान वर केली.

“माफ करा... तुम्ही आत्ता मराठी बोललात?”

चहूकडे वाळू, वाळूमागे गवताचं पातंही नसलेले डोंगर आणि मधोमध डोंगराच्या पोटातून वाफाळत येणारं पाणी. लडाखच्या थंड वाळवंटातल्या पनामिक नावाच्या इवल्याशा गावात आपली बोली कुणाला कळेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिचे कान तापले.

“आमची मराठी तंजावरची. हसूं नका.”

“हसलो नाही. कुणीतरी बखर वाचतंय असं वाटलं.”

“म्हणजे हसलांतच!”

तो खरंच हसला. त्याचं नाव कुशल. मूळचा परभणीचा. मित्र हुंडर गावात उंट बघायला थांबले होते आणि हा भाड्याची मोटरसायकल घेऊन एकटाच झऱ्याकाठी पाय शेकायला आला होता. आणि नोकरी? चेन्नईच्या टोकाला गुम्मिडीपूंडीत, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात.

“अय्यो! मी अड्यारला राहतें,” ती पटकन बोलून गेली. “डोळ्यांच्या दवाखान्यांत चष्म्याचे नंबर काढतें.”

एकाच शहराच्या दोन टोकांची दोन माणसं इतक्या दूर येऊन भेटावीत... मग त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. बाकाखालून कोमट पाण्याचा ओहोळ वाहत होता, आणि तिने दोन्ही पाय वर, पोटाशी घेतले होते.

“पाण्याला घाबरता?”

एरवी तिने विषय बदलला असता. पण घरच्या भाषेत कुणी विचारलं की खोटं बोलणं जड जातं. तिने सांगून टाकलं. दोन हजार पंधराचा पूर. अड्यार नदीकाठचं तळमजल्यावरचं घर. ती न्हाणीघरात होती आणि बाहेर साचलेल्या पाण्याने दार आतून उघडेना. पाणी गळ्यापर्यंत चढलं, तेव्हा कुठे अप्पांनी दार फोडलं. तेव्हापासून ती तांब्याने आंघोळ करायची, तीही दार किलकिलं ठेवून.

“आणि तरी इथं आलात?”

“अम्माच्या गुडघ्यांसाठीं. ह्या पाण्यांत बसलें कीं दुखणें उतरतें म्हणे.”

तिची आई हेमावती तोवर टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. “चल ग सुष्मिता, पायरीवर नुसती बस. एकटी मी घसरलें तर?”

“जा तुम्ही,” कुशल म्हणाला. “मी इथेच आहे. भीती वाटली तर हाक मारा.”

बायकांची खोली दगडी होती. आत एक हौद, हौदाला पायऱ्या, आणि गंधकाचा वास इतका की डोळे चुरचुरावेत. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हेमावतीने दाराला कडी घालायला लावली. सुष्मिताने कडी लावली, एकदा उघडून पाहिली, मग पुन्हा लावली. ती भिंतीला पाठ लावून सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. अम्मा हळूहळू उतरली, कमरेएवढ्या पाण्यात गेली, मग खालच्या पायरीवर टेकून गळाभर बुडाली आणि तिने सुखाने डोळे मिटले.

“किती ऊन आहे ग पाणी... किती बरें वाटतें.”

“अम्मा, पोदुम. पुरे आतां.”

“थांब ग थोडें.”

वाफ दाटत गेली. बोलणं थांबलं. सुष्मिताने पुढे वाकून पाहिलं, तर अम्माची मान एका बाजूला कलली होती. उंचावरची विरळ हवा आणि इतकं कढत पाणी, तिला भोवळ आली होती. पायरीवरून ती घसरत होती... हनुवटी पाण्याला लागली.

“अम्मा!”

उठायला हवं होतं. पण पाय तिचे नव्हतेच जणू. बंद दार, वर चढणारं पाणी, तोच कोंडलेला श्वास. ती फक्त किंचाळली.

बाहेरून दारावर थाप पडली. “काय झालं? दार उघडा!”

“अम्मा बुडते—!”

“दार राहू दे! आधी तिला धर. तू उतर!”

“मज नाहीं जमत!”

“पाणी किती आहे? मला सांग. बोल!”

“क... कमरेएवढें.”

“मग तू बुडणार नाहीस. एक पाय टाक. टाकलास?”

तिने टाकला. पाण्याचा चटका बसला. “टाकला...”

“दुसरा. माझ्याशी बोलत रहा. मी इथेच आहे, सुष्मिता, कुठे जात नाही.”

तिसरी पायरी ती भिंत धरून उतरली. पाणी मांड्यांना लागलं, कमरेला लागलं, छाती फुटेल असं वाटलं. पण अम्माचं नाक आता पाण्यात चाललं होतं. तिने डोळे घट्ट मिटून झेप घातली, अम्माच्या काखेत हात घातले आणि मागे, वर ओढत राहिली. अम्मा खोकली. तो खोकला ऐकून सुष्मिताला रडू फुटलं.

कडी कशी काढली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. कुशल आणि शेजारच्या दुकानातली बाई मिळून अम्माला उचलून बाहेर वाऱ्यावर घेऊन आली. मीठ घातलेल्या चहाचे दोन घोट पोटात गेले, तशी हेमावतीने डोळे उघडले आणि कुशलकडे पाहून लुगडं सावरलं.

“हा कोण?”

“शेजारी,” कुशल म्हणाला. “गुम्मिडीपूंडीचा.”

सुष्मिता शाल गुंडाळून कुडकुडत बसली होती. तिला दिसलं, त्याच्या हातातला चहा तसाच निवून गेला होता.

“मघांशी मला ‘तू’ म्हणालांत.”

“घाईत तोंडून गेलं. तुम्ही...”

“राहूं द्या,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “तसेंच राहूं द्या.”

चेन्नईला परतल्यावर तो दर रविवारी लोकल पकडून यायचा. बेसंत नगरच्या किनाऱ्यावर लाट पोहोचणार नाही इतक्या दूर ती दोघं बसायची. तो कधी तिला ‘थोडं पुढे चल’ म्हणाला नाही. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो अप्पांना भेटायला घरी येणार होता. नेमका त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळू लागला. दुपारपर्यंत गल्लीत पाणी भरलं, वीज गेली आणि कुशलचा फोन लागेनासा झाला.

त्या पुरानंतर घेतलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत ती आत-बाहेर करत होती. त्या पाण्याखाली कुठेतरी गटारांची झाकणं उघडी असतील. तो निघाला असेल तर...? इतकी वर्षं ती आपल्या अंगाशी येणाऱ्या पाण्याला भ्यायली होती. आजचं भय दुसरंच होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

“सुष्मिता, कुठें चाललीस?” अप्पा ओरडले. पण ती जिना उतरली होती.

शेवटच्या पायरीवर काळं पाणी हलत होतं. तिने गेटला टेकवून ठेवलेला बांबू घेतला, दात आवळले आणि पाय खाली सोडला. बांबूने जमीन चाचपत, एकेक पाऊल टाकत ती कोपऱ्यापर्यंत गेली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. ती मोठमोठ्याने स्वतःशीच बोलत होती आणि तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.

कोपऱ्यावर, बंद औषधाच्या दुकानाच्या गजाला दोन्ही हातांनी धरून कुशल उभा होता. चिंब भिजलेला, चेहरा पांढराफटक.

“तू... तू पाण्यात आलीस?”

“आपण इथें काय करतां? घर तें बघा, समोर दिसतें!”

“मला पोहता येत नाही.”

ती बघतच राहिली. “गुडघाभर पाण्यांत पोहायचें कशाला?”

“ते डोक्याला कळतं. पायांना कळत नाही.”

“आणि दाराआडून मज सांगत होतां... एक पाय टाक, दुसरा टाक?”

“मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरलो होतो ग. गप्प बसलो असतो तर मेलो असतो, म्हणून बोलत होतो.” त्याचे ओठ निळे पडले होते. तरी तो मध्येच थांबला, तिच्याकडे पाहत म्हणाला, “सुष्मिता... अप्पांना विचारणार होतो. पण आधी तुलाच विचारायला हवं. माझ्याशी...”

दूर कुठेतरी काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. दोघंही दचकली. तिने एका हाताने त्याचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने बांबू पुढे टेकवला.

“होय,” ती म्हणाली. “होय, होय, होय. आतां चला. बाकीचें वर जाऊन विचारा. इथें माझे पाय फार कांपतात.”