पाठीवरचं बाळ

दहाव्यांदा डोंगर पार करणाऱ्याला चांदीचा पेला मिळे. त्या पेल्यासाठीच गुडवेग निघाली होती. गुडघे बोलू लागले होते. पुढच्या वर्षी जमणार नव्हतं.

शेजारच्या टोरुनचीही ही दहावी खेप. बर्फावरच्या त्या स्की-मेळ्याचा नियम जुना होता. कधीकाळी दोन शिलेदारांनी तान्ह्या राजाला याच वाटेनं पाठीवरून वाचवून नेलं होतं, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत बाळाएवढं वजन हवं. शेवटी पिशवी तराजूवर चढे; कमी भरली तर पेला नाही. आत काय भरायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गुडवेगने जाड लोकरी स्वेटर आणि चीज भरलं. टोरुनने नदीतला धोंडा.

"माहेरपणाला निघालीस की काय गं?" टोरुन खिदळली.

"तुझं बाळ मात्र फार गप्प आहे हो!"

सकाळी बर्चच्या रानातून जाताना लाकडी स्कींना लावलेल्या पाइनच्या डांबराचा वास दरवळत होता, आणि अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांच्या हातावर संत्र्याची फोड ठेवून पुढे सरकत होती. त्या मायेसाठीच तर लोक दरवर्षी येत!

माथ्यावर हिमवादळानं गाठलं. वाटेच्या खुणेच्या काठ्या दिसेनाशा झाल्या. पुढचे-मागचे सगळे पुसले गेले. टोरुन मटकन खाली बसली. ओठ निळे!

"ऊठ! तो धोंडा फेक!"

"नाही... वजन भरणार नाही."

गुडवेगने पिशवी उघडली. क्षणभर हात थांबला. मग तिने स्वेटर टोरुनच्या डोक्यातून खाली ओढला, वरून तिचंच जाकीट पुन्हा चढवलं, तोंडात चीज कोंबलं. ढकललं. ओढलं. शिव्या दिल्या. उतार लागला!

ऊब येताच टोरुन सुसाट सुटली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गुडवेग पोचली तेव्हा टोरुनच्या हातात पेला होता. पंचाने गुडवेगची पिशवी तराजूला लावली.

"कमी भरतंय, बाई. बाकीचं कुठंय?"

गुडवेगने टोरुनकडे पाहिलं. टोरुनने जाकिटाची चेन सावकाश हनुवटीपर्यंत वर ओढली.

"वाटेत पडलं असेल तिचं," ती म्हणाली.

गुडवेगने तोंड उघडलं, पण दात इतके वाजत होते की शब्द फुटेना. पंचाने पुढची पिशवी उचलली.

वसंतात स्वेटर परत आला, धुऊन, नीट घडी घालून. गुडवेगने तो स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवला. जेवढं कमी पडलं होतं, त्याहून जास्तच भरला.