गुलाबी दिव्यांखालची आई

समुद्रतळाशी वसलेल्या नीलवाडीत लाल रंग उतरतच नसे. वरचं पाणीच तो पिऊन टाकी. निळ्या उजेडात माणसं मलूल दिसत, म्हणून घरोघरी गुलाबी दिवे लावायची पद्धत पडली होती. काचेच्या छतावरून मासे ढगांसारखे सरकत आणि खाली सगळ्यांचे गाल सदा टवटवीत.

मग कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायच्या बंद खोलीतून काम करून आलेली आई धापा का टाकते? शाल्मलीला हे कोडं उलगडेना.

"अगं, माझे गाल बघ! आजारी माणसाचे असे असतात होय?" आई हसली आणि पुन्हा कामाला गेली.

शाल्मलीने आजोबांची प्रयोगशाळा गाठली. आजोबा प्रकाशाचे शास्त्रज्ञ.

"आजोबा, आईचा रंग कुठला आणि दिव्याचा कुठला, कसं ओळखायचं?"

आजोबांनी खणातून एक चष्मा काढला. "रक्तात हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ) असतं. प्राणवायू भरपूर असला की रक्त लालभडक, कमी पडला की काळपट. त्वचेतून हा फरक दिसतो, पण पुसटसा."

"आणि गुलाबी उजेडात बुडून जातो!"

"बरोबर. या काचा म्हणजे प्रकाश-गाळणी (ठरावीक रंगाचा उजेड अडवणारी काच). ज्या उजेडात दोन्ही रक्तं सारखी दिसतात, तो इथेच अडतो. ती वेगळी दिसतात, तेवढाच उजेड आत येतो."

"म्हणजे वर्गातला गलका थांबला की कुजबूज ऐकू येते, तसं?"

"अगदी तसं."

शाल्मलीने चष्मा घातला. "अय्या, तुमचं नाक केवढं लाल!"

"सर्दी झालीये, टवळे. जा, आईला बघ."

चष्मा घालूनच शाल्मली कालवांच्या खोलीशी पोहोचली. दार उघडलं. आई बाहेर आली. गाल तेच, हसू तेच. ओठ मात्र जांभळट, नखंही.

"आजोबा!"

हाक ऐकून आजोबा धावत आले आणि त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "चष्मा नुसतं सुचवतो. नक्की काय ते डॉक्टर सांगतील," म्हणत त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. तपासणीत कळलं, आईच्या रक्तात प्राणवायू कमी होता. खोलीची हवेची नळी शेवाळाने तुंबली होती.

आईच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा चढला. शाल्मली चष्म्यातून बघत राहिली. ओठांवर लाली हळूहळू परतली, पाण्याबाहेर उजाडत असावं तशी.

तेव्हापासून नीलवाडीत प्रत्येक दाराशी एक पांढरा दिवा असतो आणि खुंटीला एक चष्मा. कामावरून आलेलं माणूस आधी तिथे उभं राहतं.

"बघ गं, कशी दिसतेय?" आई रोज विचारते.

शाल्मली नीट, सावकाश बघते.

"तुझ्यासारखी," ती म्हणते.