काळ्या कोटातली आई

टाचणी दुपारी चारला घरातून निघाली, ती गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण पक्कं करायला. म्हणजे वाटेत कुणी हटकलंच, तर तसं ठोकून द्यायचं ठरलं होतं. खरं काम निराळंच होतं, आणि त्याच्या नुसत्या विचारानेच पोरीचं काळीज धडधडत होतं.

तिची आई शिंपीण. शिवणकामात पहिला धडा हा, की कापड कापताना उजेड समोर हवा. पण चार दिवसांपूर्वी घाई होती. आईने काळं कापड जमिनीवर पसरलं, खडूने आखलं आणि उन्हाच्या खिडकीकडे पाठ करून कात्री चालवली. तेव्हापासून ती ना जेवे, ना बोले. लेकीकडेसुद्धा परक्यासारखी बघायची.

दुकानात बटणं लावणाऱ्या बटणकाकांना शेवटी शंका आली. त्यांनी आईला उन्हात उभं केलं, तर काय, तिला सावलीच नाही!

"कापडाबरोबर सावली कापली गेली गं हिची," काका हळूच म्हणाले. "तो कोट काल वळणावरच्या मोठ्या घरातल्या गिऱ्हाइकाकडे गेला. आज दिवेलागणीला तो माणूस अंगात घालेल... की सावली कायमची त्याची. माझे गुडघे हे असे. तू जाशील?"

"विचारता काय? ही मी निघालेच!"

वळणावरच्या मोठ्या घराचं दार उघडंच होतं. "कोटाचं बटण पक्कं करायला आलेय!" टाचणीने हाक दिली. "आत ये... कपाट डावीकडे आहे," वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं. आवाज फार गोड होता. टाचणीला तो मुळीच आवडला नाही.

कपाट उघडताच ओल्या मातीचा वास आला. आत पंचवीस-तीस कोट, सगळे काळे. आणि सगळे हळूहळू श्वास घेत होते... टाचणीला पळून जावंसं वाटलं, पण करते काय! एकेक अस्तर उलटून ती शिवण बघत गेली. आईचा हात तिने झोपेतही ओळखला असता. सतराव्या कोटात ते बारीक टाके दिसले, आणि कोट तिच्या मनगटाला बिलगला. अगं बाई, आईच ती!

तिने कात्रीच्या टोकाने टाके उसवायला घेतले. एक बाजू सुटली. जिन्यावर पाऊल वाजलं. दुसरी बाजू अर्धी झाली... पाऊल आणखी खाली आलं. नेमका तेव्हाच दोरा अडकला! तिने तो सरळ दातांनी तोडला. थंडगार सावली घसरली आणि तिने बरोबर आणलेल्या दोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसली.

"बटण लागलं का, बाळ?" दारातून आवाज आला.

"लागलं की! एकदम घट्ट!" म्हणत ती त्याच्या काखेखालून सटकली आणि तिने जी धूम ठोकली! भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर भारी मजाही येत होती. मागे कुणीतरी हसलं. तिने वळून बघितलं नाही.

घरी येऊन तिने सावली आईच्या टाचांशी टाचली. आठ टाके घातले आणि पक्की गाठ मारली. आईने खोल श्वास घेतला.

"टाचणे... अगं, केवढी घामाघूम झालीस! काही खाल्लंस का?"

झालं! पोरगी हमसाहमशी रडली, आणि रडता रडता हसायला लागली. बटणकाकांनी डोळे पुसत दिवा लावला. आईने लेकीला दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलं.

भिंतीवरची सावली मात्र कुणालाच पोटाशी धरत नव्हती. ती खाली वाकून, जराही घाई न करता, टाचेजवळचे टाके उसवत होती.